सोराबजी बिल्डिंगचा चोपन्न फुटी रॅम्प

१७ फेब्रुवारी २००२, रविवार
कालच्या नोंदीत चूक आहे. बिल्डिंगच्या पायऱ्या आठ नसून नऊ आहेत. सगळ्यात खालची अर्धी मातीत गेली आहे. तिच्यावर १९११ कोरलेलं आहे, म्हणून मी तिला पायरी न धरता पाटी धरलं. शिवाय "रॅम्पचं ऐकून आप्पांना फार आनंद झाला" हेही बरोबर नाही. आप्पा "बघू" म्हणाले.

मला शाळा पाचवीपासून. त्याआधी मेंढरांमागं फिरतीवर असताना तात्याबा आजोबांनीच शिकवलं. संध्याकाळी वाडग्यात कोंडताना मेंढरं मोजायची आणि एक चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पायऱ्या तीनदा मोजल्या. नऊच.

हकिगत नीट लिहून ठेवते. तळमजल्यावरचे हरिबा आप्पा, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. दिवाळीत झटका आला, पाय गेले. मुलगी शीतलनं व्हीलचेअर पाठवली, रॅम्पच्या खर्चालाही ती तयार आहे. दवाखान्यात नेताना चौघांनी आप्पांना उचलून खाली आणलं. तेव्हापासून ते दाराबाहेर यायलाच तयार नाहीत. म्हणतात, "बत्तीस वर्सं गाडीला झेंडा दाखवला. आता मी पार्सल हाय व्हय?"

त्यांना फक्त समोरच्या चांगदेवच्या सलूनमध्ये जायचंय. स्वतःच्या हातानं चाकं फिरवत.

बिल्डिंग कमिटीची सेक्रेटरी मी आहे (अक्षरामुळे). संकल्प: पाडव्याच्या दिवशी, १३ एप्रिलला, आप्पांची दाढी सलूनमध्ये.

२४ फेब्रुवारी, रविवार
पुण्याहून पुस्तक आणलं. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. नऊ पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. म्हणजे चोपन्न फूट. दारापासून गेट तीस फूट, पुढे रस्ता वीस फूट. सरळ रॅम्प केला तर तो सलूनमध्ये चार फूट आत, आरशासमोर संपतो.

आप्पांना नकाशा दाखवला. म्हणाले, "मंग ब्येस झालं की. रस्ता वलांडायचाच न्हाई."

विनोद सोडून देते. भिंतीच्या कडेनं जाऊन वळून परत आणला की बसतो. अडचण सुटली. मी अशा कामात डगमगत नाही.

१० मार्च, रविवार
बिल्डिंग जुनी, मालक ट्रस्ट. त्यांना अर्ज लिहिला. चार कच्चे, एक पक्का. पक्क्यात "नम्र विनंती" दोनदा आलं, म्हणून तो पाचवा कच्चा धरला. उद्या पाठवणार.

२९ मार्च, शुक्रवार
अर्ज पाठवला. मधले एकोणीस दिवस वाया गेले असं वाटेल, पण अर्ज मुरला.

१३ एप्रिल, शनिवार, पाडवा
ट्रस्टचं उत्तर अजून नाही. चांगदेव स्वतःच वस्तरा घेऊन आप्पांकडे आला. मी गुढी उभारून लगेच बघायला गेले. दाढी छान झाली होती. आप्पा गालावर हात फिरवत म्हणाले, "दाढी झाली. बातमी न्हाई झाली. हितं आला की मुका होतो ह्यो. बोलतो ते दुकानातच."

चांगदेव म्हणाला, "तिथं धा जण असत्यात, आप्पा. एकट्याला काय सांगू?"

नवी तारीख: अक्षय्य तृतीया, १५ मे. ही पाडव्यापेक्षा बरी, कारण त्या दिवशी केलेलं काम टिकतं.

२८ एप्रिल, रविवार
परवानगी सोळा तारखेलाच आली! दगडाला धक्का न लावता, बाजूनं, आणि आठही घरांच्या सह्या घेऊन. कुरकुंभच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट करून आले की रोज एक घर. सात झाली. वरच्या ज्ञानेशकडे पाच चकरा मारल्या, कारण रॅम्प त्याच्या स्कूटरच्या जागेतून जातो. शेवटी तो म्हणाला, "ताई, मी पहिल्याच दिवशी हो म्हणलो होतो. तुम्हीच म्हणाला, विचार करून सांगा."

हे खरं आहे. पण घाईघाईत दिलेलं हो मला चालत नाही.

आठवी सही आप्पांची. त्यांनी गार्डाच्या सवयीनं वेळही टाकली: १८.१०.

१२ मे, रविवार
रॅम्प झाला. गेणबा मिस्त्रीनं दहा दिवसांत केला, याचं श्रेय त्याच्या हाताखालच्या माणसांना आणि माझ्या देखरेखीला. (दुरुस्ती: हाताखाली कोणी नव्हतं. देखरेखीबद्दल गेणबा म्हणाला, "तुम्ही टेप धरून हुभ्या राहिल्या की मला दोनदा मोजावं लागतं, ताई.")

दुपारी रॅम्पवर कुरडया वाळत घातलेल्या आढळल्या. ताबडतोब पाटी लिहिली: "येथे वाळवण घालू नये." लावायला गेले तर कुरडया आमच्याच. पाटी पुढच्या आठवड्यात लावेन.

१५ मे, बुधवार, अक्षय्य तृतीया
सविस्तर लिहिते.

सकाळी नऊ. नारळ फोडला. चांगदेव सलूनच्या दारात खुर्ची झटकत उभा. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, डोक्याला टोपी. चाकांवर हात ठेवले आणि निघाले. सहा फूट आले. घराच्या दारात खुर्ची धडकली आणि थांबली.

उंबरा. सागवानी, पाच इंच उंच.

मी नऊ पायऱ्या मोजल्या, गेट मोजलं, रस्ता मोजला. उंबरा मोजला नाही. गेणबानंही नाही. तो म्हणाला, "उंबऱ्यावर कुनी पाय देतं का? मंग तो पायरीत कसा धरायचा?" त्याचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही सगळे जन्मभर तो ओलांडतच आलो.

ज्ञानेश म्हणाला, चला उचलू. आप्पांनी नुसतं बघितलं. तो मागे सरकला.

गेणबा म्हणाला, करवतीनं अर्ध्या तासाचं काम. तेवढ्यात आप्पांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, पदर खोचला आणि त्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या. त्यावर सकाळचं हळदीकुंकू होतं. एक शब्द बोलल्या नाहीत.

आप्पा खुर्ची मागे घेत मला म्हणाले, "म्हाळसे, जाऊ दे. चोपन्न फूट केलंस. पाच इंचच ऱ्हायलं."

१९ मे, रविवार
काकूंना विचारायचं ठरवलं. एकच वाक्य आहे. पाठ केलं.

२४ मे, शुक्रवार
गेले होते. त्या उंबऱ्याला हळद लावत होत्या. अशा वेळी विचारणं म्हणजे उद्धटपणा. कुरडयांबद्दल बोलून परत आले. गेणबाला सांगून ठेवलं की करवत जवळ असू दे, कधीही बोलावीन.

२ जून, रविवार
या आठवड्यात तीनदा गेले. एकदा त्यांचा उपास. एकदा माझा. एकदा लाइट गेली. योग्य वेळ बघणं म्हणजे टाळणं नव्हे.

आप्पा खुर्ची दारापर्यंत आणून बसतात. तिथून सलूनचं निम्मं दार दिसतं. चांगदेव तिकडून हात करतो. आप्पाही करतात. आता दाढी वाढवतायत.

९ जून, रविवार, संध्याकाळी ६
आज मोठी प्रगती.

मी जाण्याआधीच काकूंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "तीन आठवडं दारात घुटमळतीस. बस." बसले. म्हणाल्या, "आठ घरांच्या सह्या घेतल्यास. त्या ज्ञानेशच्या पाच पायधुळी झाडल्यास. आमच्या घरची सही ह्यांची. उंबरा कुनाचा गं? येक्केचाळीस वर्सं कोन पुजतं? मला कवा इचारलंस?"

मी वही आठवून पाहिली. कुठेही नाही.

मग त्या म्हणाल्या, "मी न्हाई म्हणलं का? मी इचारायची वाट बघत बसले. आता तरी इचार."

त्यांनी आप्पांच्या खिशातलं पेन काढून स्वतः हातात धरलं होतं. आप्पा मागे खुर्चीत, दाढीतून माझ्याकडे बघत. गेणबा बाहेर पायरीवर बसलेला, पिशवीतून करवतीची मूठ बाहेर. तो म्हणे चोवीस मेपासून रोज करवत घेऊन फिरतो.

माझ्याकडे कागद नव्हता. होता तो वहीचा, रेघांचा. म्हटलं, काकू, नीट अर्ज लिहून आणते, तुमचं नाव वर घालून. त्या म्हणाल्या, "अगं, तोंडानं इचार की!" पण इतके दिवस त्यांना डावललं, आता तोंडी उरकलं तर तो पुन्हा अपमानच. हे मी त्यांना समजावून सांगितलं. काकूंनी पेनाला टोपण लावलं. आप्पा कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही, पण म्हणाले, "गाडी शिग्नलला हुभी हाय. जायाचा शिग्नल बी पडलाय. डायवर अर्ज लिवतोय."

गेणबा उठून गेला.

उद्या सोमवती अमावस्या, नको. मंगळवारी, बुधवारी फर्स्ट शिफ्ट; पहाटे कंपनीची बस. अर्जाचा पहिला कच्चा आत्ताच झाला आहे आणि चांगला उतरला आहे, फक्त "उंबरठा" लिहावं की "उंबरा" हे ठरायचंय. गुरुवारी सुट्टी टाकली.

गुरुवार, १३ जून २००२, सकाळी साडेसात वाजता, शेवंताकाकूंना विचारणार.