न्हाणीच्या खिळ्यावरची वही

तीर्थस्वरूप दानम्मा अक्कास, उदगीरहून धाकट्या रत्नम्माचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे हायत? दाजींचा खोकला थांबला का? फोनच केला असता, पण तुझी सून फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते, अन् मला जे सांगायचंय ते अख्ख्या देगलूरला कळायचं काम न्हाई. हे पत्र एकटीच वाच.

तुला ‘पोटाचं ऑपरेशन’ सांगितलं होतं ते खोटं. खोकलं, शिंकलं, हसलं की माझी लघवी सुटायची. सहा वर्षं! (शेवटी मी हसायचंच सोडलं. मालकांना वाटलं, बायको पार देवाधर्माला लागली.) लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी आधाराला बसवली. काम अर्ध्या तासाचं, खरी गंमत घरी आल्यावर. हुकूम असा, की दीड महिना वजन उचलायचं न्हाई, रोज दोन लिटर पाणी प्यायचं, अन् दर वेळची लघवी खुणांच्या मगात मोजून वहीत लिहायची. अगं, टँकर येतो आठ दिवसाला! गल्लीतल्या बाया घागरी घेऊन पळतात, अन् मी दारात पाटलीणबाईवानी उभी. माझ्या वाटच्या घागरी मालक दुकान बंद करून वाहून राहिले. रत्नम्माला माज चढला, असं बायांचं एकमत झालं.

पहिले काही दिवस तर बसलं तरी धारच यायची न्हाई. उदगीर जिल्हा होणार होणार म्हणतात, तशी मी आपली वाट बघत बसायची. लघवी करूनही पिशवीत मागं लई राहिली तर दवाखान्यातल्यावानी परत रबरी नळी घालावी लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, अन् त्या नळीनं माझी झोप उडवली होती. त्या म्हणाल्या, मूत्राशयाला नव्या पट्टीची सवय व्हायला वेळ लागतो, कुंथू नको, निवांत बस, जरा पुढं वाक, उठून पुन्हा एकदा बस. तसंच केलं. ऐंशी मिलिलिटरचे सव्वाशे झाले, सव्वाशेचे दोनशे. वही न्हाणीतल्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली होती.

तिथंच घात झाला. गल्लीच्या पाणी समितीचे माणिकप्पा मास्तर (रिटायर झालेत, पण शाळा अंगातून गेली न्हाई) आमची टाकी बघायला आले अन् वही त्यांच्या हाती लागली. सकाळी सहा, दोनशे. साडेआठ, अडीचशे. मास्तरांचे डोळे भरून आले! मिलिलिटरनं पाणी वापरणारी बाई त्यांनी जन्मात बघितली नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत ते वही घेऊन टँकरपाशी पोचले, अन् चाळीस बायांसमोर मोठ्यानं वाचू लागले. “बघा, पहाटे दोन वाजता उठून फक्त शंभर!” मालकांनी उपरण्यात तोंड घातलं. शेजारची पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स हाय, ती पहिल्या ओळीलाच समजली. तिनं पदर तोंडाला लावला, आमची नजरानजर झाली, अन् अक्का, मी फुटलेच! पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग एकदम ध्यानात आलं, आपण हसलो. आता झालंच असणार म्हणून तशीच उभी राहिले. काही न्हाई! कोरडी! सगळी गल्ली पाणी पाणी करून राहिली अन् मी कोरडी हाय म्हणून खूष.

सोमवारी तपासणी झाली. मागं राहणारी लघवी पन्नासच्या आत, नळीची गरज न्हाई. आता घरोघर तशी वही टांगायची, असा ठराव समितीनं केलाय.

दाजींना शरणार्थी, नातवंडांना माया.

तुझी रत्नम्मा

ता. क. सगळं बेस हाय असं नको समजू. अजून कधी कधी एकदम घाई होते, अन् रात्री एकदा उठावं लागतं. दोन-तीन महिन्यांत बसेल म्हणतात.

आणखी ता. क. आपल्या भाच्याच्या, बसवराजच्या लग्नात अक्षता पडताना तुला शिंक आली, अन् तू पाण्याचा तांब्या मुद्दाम स्वतःच्याच मांडीवर सांडलास. सगळे तुला वेंधळी म्हणाले. मी गप्प बसले, कारण त्याच मांडवात मीपण एक तांब्या सांडला होता. येत्या गुरुवारी अकराला लातूरला त्याच डॉक्टरीणबाईंकडं तुझा नंबर लावलाय. घरी गुडघे दाखवायला चालले म्हण. वर मी गुडघ्यांचं विचारलं ते रीत म्हणून. चारचौघांत न यायला ते नुसतं निमित्त; तुझे गुडघे कधीच दुखत नव्हते, मला ठाऊक हाय.