सतरा नंबर हजर

प्रिय अठरा,

‘प्रिय’ दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. फोनवर मुद्दामच लिहिलं नाही. फोनवरचं तू वाचतेस आणि वाचलंच नाही असं दाखवतेस. हे मात्र दाराखालून सरकवणार आहे, म्हणजे उचलावंच लागेल. आपल्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे, आणि परदेशातल्या सहलीवरून परत आल्यापासून एकोणीस दिवसांत तू माझ्याशी ‘पाणी आलंय’ यापलीकडे एक शब्द बोललेली नाहीस. मी जिन्यात दिसले की तुला कपडे वाळत घालायचे आठवतात. एवढे कपडे तुझ्याकडे आले तरी कुठून?

तू अजून विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते. ती चालली. पावाच्या भट्टीवर काम करणारी आपली भट्टीवाली, जिच्या उरलेल्या पायाचं माप तू घेतलंस आणि प्लॅस्टरचा साचा मी कानशीने घासून गुळगुळीत केला, ती त्या दिवशी सकाळी तिथल्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात दोन दांड्यांच्या मधोमध उभी राहिली आणि सात पावलं चालली. आठव्याला थांबून नडगीकडे बोट दाखवलं. तिथे आपण कमी घासलं होतं, तुला मी म्हटलंही होतं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने पेन्सिलने खूण केली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पाय परत घासायला घेतला. आठ दिवस परदेशात राहून शिकले त्यातलं हे एक मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि ते बघायला तू नव्हतीस, कारण तुला झोप आली होती.

झोप! या सहलीत तुझी झोप हा एक स्वतंत्र विद्यार्थी होता. आणि तिला पोसली मी, हे आधी कबूल करते. आपल्या वर्कशॉपच्या बाईंची मोजायची पद्धत तुला माहीत आहे. डोकी हलतात, आवाज हलत नाहीत, असं म्हणून त्या पुढे उभ्या राहून यादीवर नजर ठेवायच्या आणि आपण बावीस जणांनी ओळीने आपापला आकडा ओरडायचा. दुसऱ्याच दिवशी तू नाश्त्याला उठली नाहीस तेव्हा मी ‘सतरा’ म्हटलं बारीक आवाजात आणि ‘अठरा’ म्हटलं जाड्या आवाजात. वीस नंबर हसून हसून लाल झाला होता. मग रोजचंच झालं. एकदा मी पोस्टकार्डं आणायला गेले तेव्हा तू माझा आवाज काढलास, आणि तो माझ्यापेक्षा माझा वाटला असं सगळे म्हणाले. कॉलेजात तीन वर्षं एकमेकींची हजेरी लावत आलो, परदेशात जाऊन ती सवय थोडीच सुटणार होती. तेव्हा गंमत वाटत होती गं.

शेवटच्या दिवशी सकाळी तुला हलवून सांगितलं की भट्टीवालीला पाय लावून बघणार आहेत, मी पळत जाऊन येते, बस दहाला आहे, त्याआधी बाईंनी मोजलं तर बघ. तू उशीतूनच म्हणालीस, जा गं, मी आहे. त्या ‘मी आहे’वर मी गेले. बाईंना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या नाही म्हणाल्या असत्या. ही चूक माझी, नखशिखांत माझी, ती मी कोणाच्या गळ्यात बांधत नाही.

पण बस पावणेदहालाच सुटली. ड्रायव्हर म्हणाला म्हणे की पुढे रस्ता तुंबलाय. बाईंनी मोजलं, तू सतरा म्हटलंस, मग अठरा म्हटलंस, आणि दार लागलं. दार लागताना तरी तोंड उघडायचंस! तुला वाटलं असेल मी मागच्या सीटवर चढले, नाहीतर धावत येतेच आहे. काय वाटलं ते तू कधी सांगितलंच नाहीस. माझी बॅग तू स्वतःच्या हाताने बसच्या पोटात ठेवलीस, खिडकीला डोकं टेकलंस आणि विमानतळ येईपर्यंत घोरलीस. मी दहाला पाच कमी असताना पोचले तेव्हा हॉस्टेलच्या दारात नुसती चाकांची ओली खूण होती. तिथलं सिमकार्ड आपण दोघींत एकच घेतलं होतं, ते तुझ्या फोनमध्ये. पासपोर्ट बाईंच्या पिशवीत. माझ्या हातात काय, तर प्लॅस्टरने पांढरा झालेला एप्रन. काउंटरवरच्या बाईने माझ्या ओळखपत्रामागचा बाईंचा नंबर पाहून फोन लावून दिला. मी रडले का, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. रडले, अनोळखी माणसांसमोर, नाक पुसायला एप्रन घेऊन.

बाईंनी विमानतळावर तुम्हा सगळ्यांना सोबतच्या सरांच्या हवाली केलं आणि टॅक्सीने परत आल्या. माझ्यामुळे त्यांचंही विमान गेलं. मी तयारीत होते, की आता चार लोकांत उद्धार होणार. त्या आल्या, शेजारी पायरीवर बसल्या, गुडघा चोळला आणि आधी विचारलं, ती बाई चालली का. मी सात पावलं म्हटलं तर म्हणाल्या, सात पुष्कळ झाली. मग थोड्या वेळाने जे बोलल्या ते शब्दाला शब्द लिहिते.

“सतराचा आकडा मी कानाने ऐकला. तो कोणाचा आवाज होता, ते मला टॅक्सीत कळलं. आता तू तिचं नाव कोणापुढे घ्यायचं नाहीस. पोरीला नोकरी लागलीय, ती जायला नको. मी बघून घेईन.”

मी त्यांना शब्द दिला. पुढचे दोन दिवस आम्ही दोघी त्या रिकाम्या हॉस्टेलवर राहिलो. त्यांनी तुझा विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र तुझी काळजी वाटत होती, बिचारी किती घाबरली असेल म्हणून. हसू नकोस. खरंच वाटत होती.

मग चौकशी बसली. मुलीला परक्या देशात टाकून गेल्या, असा बाईंवर आरोप. समितीपुढे बाई एवढंच म्हणाल्या की मोजणी चुकली, चूक माझी. तोपर्यंत मी समजू शकत होते तुला. माणूस घाबरतं, गप्प बसतं, मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेच होते की. पण गेल्या मंगळवारी मला आत बोलावलं आणि चष्मेवाल्या मॅडमनी तुझा लेखी जबाब वाचून दाखवला. ‘त्या दिवशी बसमध्ये हजेरी घेण्यात आली नाही.’ खाली तुझी सही, तीच ती शेपटीवाली.

घेण्यात आली नाही? अगं, तू दोनदा ओरडलीस! आठवत नाही असं लिहायचंस, नाहीतर काहीच लिहायचं नाहीस. कोणी तुझ्या मानेवर सुरी ठेवली होती का? जिने तुला झाकलं तिच्याच पायाखालची फळी तू काढलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकलं होतं, पण इथे चोरच साक्ष देऊन आला. मी त्या खोलीत उभी होते, आणि बाईंना दिलेल्या शब्दापायी मी ‘मला माहीत नाही’ म्हणून बाहेर आले. तुझ्यापेक्षा जास्त राग मला तेव्हाचा माझा येतो. हे लिहिलं म्हणून तुझा कमी झाला असं समजू नकोस.

आज सकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले होते. बाई त्यांच्या स्वतःच्या तीन कानशी फडक्यात गुंडाळत होत्या. पहिल्या वर्षाच्या मुलींना सांगत होत्या की थोडे दिवस रजेवर चाललेय. शिपाईकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, परवा त्यांना काढल्याचा कागद निघणार आहे. सव्वीस वर्षं त्या लोकांना पाय लावून उभं करतायत, आणि त्यांना घरी बसवतंय तुझं एक वाक्य. मला बघून त्यांनी काय विचारलं असेल? तुझ्या त्या नोकरीवर तू कधी रुजू होतेस, ते.

म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजता मी समितीकडे जाणार आहे आणि सगळं सांगणार आहे. सतरा कोणी म्हटलं, अठरा कोणी म्हटलं, तीन वर्षं काय चालत होतं, सगळं. बाईंना दिलेला शब्द मोडेल, त्याबद्दल त्यांची बोलणी मी खाईन. माझं वर्ष जाईल, बहुतेक तुझी नोकरीही. तुझं नाव मी घेणार, हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढं तरी मी तुझं देणं लागते. तू आलीस आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, तर मी फक्त माझ्यापुरतं बोलेन. समितीच्या दारावर टकटक करण्याआधी दहा मिनिटं तिथल्या जिन्यावर उभी राहीन. अकराव्या मिनिटाला आत जाईन.

अजून तरी तुझीच,
सतरा