कुंकू लावलेला बगळा

पुंडलिकनगर,
बुधवार सकाळ (ऊन अजून जिन्यापर्यंतच आलंय)

ती. सौ. आक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, सुदर्शनचा दंडवत. (दोन्ही हात मोज्यांतून काढून घातलाय. या थंडीत याहून जास्त भक्ती माझ्याच्यानं होणार नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला कसा आहे, आणि खोकला गेला असंल तर बिडी कशी आहे? मोसंबीला पाणी वेळेवर भेटतंय का? कपिला गाय व्याली का? इकडं तुझी भावजय बरी आहे. मीही कान सोडले तर बरा आहे. कान थंडीनं लाल झालेत आणि थोडे शरमेनंही झालेत. थंडीला मफलर आहे, शरमेला काही नाही, म्हणून हे पत्र.

फोन का केला नाही म्हणशील. तुमचा फोन दाजींकडं असतो, आणि दाजी तो स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवतात. मागं मी माझ्या मूळव्याधीचं विचारलं तर चार घरांतून औषधं सुचवली गेली. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठं देतीस? तर मुद्दा असा, की येत्या रविवारी सकाळी तू इथं हर्सूलच्या तलावावर यायलाच पाहिजेस. आलीस तर माझी अब्रू राहील, नाही आलीस तर सगळ्या गावासमोर जाईल. तू माझ्या घरात पाय ठेवायचा नाही असं चार वर्षांपूर्वी ठरवलंयस, हे मी विसरलेलो नाही. त्या विषयात मी आत्ता शिरत नाही. (शिरलो तर हे पत्र चुलीत जाईल.) पण तलाव म्हणजे काही माझं घर नव्हे. तलावावर पाय ठेवायला तुझी शपथ आड येत नाही, हे मी नीट विचार करून लिहितोय.

आता पहिल्यापासून सांगतो. शाळेतून रिटायर झाल्यावर मी आमच्या कॉलनीतल्या पक्षीमित्र मंडळात नाव घातलं, ते तुला माहीत आहे. (दाजी त्याला ‘पाखरं हाकायचं काम’ म्हणतात. हाकत नाही, नुसतं बघतो, असं मी त्यांना तीन वर्षं सांगतोय.) मंडळाचे प्रमुख काकासाहेब. ते पूर्वी इंजिनिअर होते, त्यामुळं पक्षीसुद्धा त्यांच्यासमोर सरळ रांगेत बसतात अशी आमची समजूत आहे. त्यांच्याकडं एक जाड रजिस्टर आहे. त्यात पक्ष्याचं नाव, वेळ, थंडी किती, आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रथम कोणी पाहिला’ हे लिहितात. बावीस वर्षांचं रजिस्टर, एक खाडाखोड नाही. त्या शेवटच्या रकान्यात तुझ्या भावाचं नाव तीन हिवाळ्यांत एकदाही आलं नव्हतं. येणार होतं एकदा. पहिल्याच हिवाळ्यात मला लांब बाभळीवर पांढरंशुभ्र घुबड दिसलं. मी हात वर केला, सगळे जागच्या जागी थांबले, श्वाससुद्धा हळू घेऊ लागले. त्या कडाक्यात पाऊण तास आम्ही घुबड हलायची वाट बघत होतो. मग वारा सुटला आणि घुबडावर कापडाच्या दुकानाचं नाव दिसलं. तेव्हापासून मंडळात मला ‘कॅरीबॅग सर’ म्हणतात. पस्तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला आक्का, आणि नाव पडलं हे! वरवर मी हसायचो. पण आतून लागायचं, ते तुला म्हणून सांगतो.

आता तुझा भाग. भोगीला मी पाचोडला आलो होतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तुझी ती भाजी खाऊन मी मोसंबीच्या बागेत आडवा झालो, आणि तिथं मला पतंगाच्या मांज्यात अडकलेला बगळा सापडला, हे तुला आठवत असंलच. आपला रोजचा ढोरबगळा, बैलामागं किडे वेचत फिरणारा. पंखाला चिरा पडलेल्या. मी त्याला उपरण्यात गुंडाळून आणला. डॉक्टरला दाखवू म्हणलो, तर तू माझ्याकडं असं बघितलंस, की लहानपणी माझा गुडघा फुटायचा तेव्हा बघायचीस तसं. मग तुझा डबा निघाला. तेलात कालवलेली हळद तू त्या बगळ्याच्या एका पंखाला लावलीस, मग ‘दुसऱ्याला काय वाटंल’ म्हणून दुसऱ्याला लावलीस, मग उरली ती वाया कशाला घालवायची म्हणून मानेला आणि पाठीला लावलीस. बगळा निघाला पिवळाधमक. मी म्हणलो, आक्का, जखम एकाच पंखाला आहे. तू म्हणालीस, तू गप बस, तुला काय कळतंय?

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी संक्रांत. तुझ्या मांजरीची नजर फिरली होती म्हणून मी बगळ्याला इकडं आणायचं ठरवलं. तुझ्याकडं हळदीकुंकवाच्या बाया जमलेल्या, आणि मी पाटी घेऊन मधूनच निघालो, तेव्हा तू मला उंबऱ्यात अडवलंस. मला वाटलं, भावाला थांबवतीय. तर तू पाटीवरचं फडकं बाजूला केलंस आणि बगळ्याच्या कपाळाला कुंकू लावलंस! का, तर ‘ती बाई असंल तर? संक्रांतीच्या दिवशी या घरातून कुणी कोरड्या कपाळानं गेलेलं नाय.’ वर पाटीत तिळगूळ ठेवलास. (तो तिनं खाल्ला नाही. मी खाल्ला.) एस.टी.त आडूळला चढलेल्या एका म्हातारीनं पाटीत डोकावून बघितलं, हळद बघितली, कुंकू बघितलं, हात जोडले आणि कोणत्या देवीचं आहे म्हणून विचारलं. मी म्हणलो, पाचोडच्या आक्काचं. तिनं पुन्हा हात जोडले. पुढच्या सकाळी पाटीतल्या बाईला मी हर्सूलच्या तलावावर सोडलं. झकास उडाली. तुझ्या हळदीला गुण आहे, हे मी लेखी मान्य करतो.

रविवारी मंडळ तलावावर गेलं. पारा आठावर. नाकाचं पाणी थांबेना. मी मनात ठरवलं होतं, की चहाच्या वेळी बगळा वाचवल्याची हकीकत रंगवून सांगायची. तेवढ्यात पलीकडच्या काठावर, धुक्यातून, ती बाई चालत आली. पिवळी, आणि कपाळावर लाल ठिपका. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, ‘अगं बाई, ही इथंच आहे!’ आणि मी बोट दाखवलं. बस. सगळ्या दुर्बिणी तिकडं फिरल्या. आमचे रिझवानभाई (गुलमंडीत फोटो स्टुडिओ आहे, माणूस लाखात एक) कॅमेरा घेऊन चिखलात पोटावर झोपले आणि त्यांनी दोनशे चौदा फोटो काढले. काकासाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं: ‘पंख हळदी रंगाचे. कपाळी कुंकवासारखा ठिपका.’ आक्का, त्यांनी स्वतःच्या हातानं हळद लिहिलं, स्वतःच्या हातानं कुंकू लिहिलं, आणि तरी त्या माणसाला काही सुचलं नाही! वर म्हणाले, हिमालयाकडचा असावा, थंडीनं वाट चुकला. आणि मग शेवटच्या रकान्यात त्यांनी माझं नाव घातलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं. व्हय, पाहिजे होतं. पण वळून सगळे माझ्याकडं बघत होते आणि कुणी कॅरीबॅग म्हणलं नाही. रिझवानभाई चिखलासकट मला भेटले, म्हणाले, ‘सर, मान गए आपको!’ मला वाटलं, चहा होईपर्यंत हे असंच राहू दे. चहा झाला. मग वाटलं, घरी जाईपर्यंत राहू दे. घरी गेलो तर तुझ्या भावजयीला आधीच कळलेलं आणि तिनं शिरा केलेला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या कर्तबगारीचा म्हणून शिरा आजवर झालेला नाही. तो खाल्ला. आणि मग लईच उशीर झाला.

सोमवारी फोटो पुण्याच्या एका मोठ्या तज्ज्ञांकडं गेले. त्यांनी कळवलं, की असा पक्षी आपण पुस्तकात कुठंच पाहिलेला नाही. (कसा पाहतील? पुस्तकवाल्यांनी पाचोडची संक्रांत पाहिलेली नाही.) कपाळावरचा ठिपका थोडा डाव्या भुवईकडं कललेला आहे, त्याचं कारण काय असावं, असंही विचारलं. कारण मला माहीत आहे. तिनं मान हलवली आणि तुझं बोट घसरलं. आता येत्या रविवारी पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं येणार आहेत. तलावाच्या काठावर मला शाल आणि नारळ. पेपरवाले. आणि काकासाहेब पक्ष्याला माझं नाव द्यायचं म्हणतात, ‘सुदर्शनी बगळा’. रात्री झोप लागत नाही. लागली की स्वप्नात शाल येते.

काल धीर करून काकासाहेबांकडं गेलो. आडून आडून म्हणलो, साहेब, कुणी रंग लावला असंल तर? ते हसले. म्हणाले, ‘सर, बगळ्याच्या कपाळाला कुंकू लावणारं माणूस या जगात असेल का?’ आक्का, तुझ्याबद्दल असं बोललेलं मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता मी एकट्यानं खरं सांगितलं तर कोण मानणार? कॅरीबॅगचं घुबड करणारा मी, उद्या बगळ्याची सवाष्ण केली म्हणून सांगत सुटलो तर माझं डोकं फिरलं म्हणतील. म्हणून तू पाहिजेस. तू तिथं उभी राहिलीस आणि ‘मीच लावलंय, काय म्हणणंय?’ एवढं म्हणालीस, तर काकासाहेब काय, पुण्याचे तज्ज्ञसुद्धा पुढचा प्रश्न विचारणार नाहीत. मला शाल नको. मला फक्त खोटेपणानं मिळालेलं नाव नको आणि वेडा हे नावही नको. या दोहोंच्या मधलं काही तुझ्याशिवाय जमणार नाही.

दाजींना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस. (दाखवशीलच. पण मूळव्याधीचं तेवढं गाळ.)

तुझा,
सुदर्शन

ता. क. शुक्रवार. पाचोड गाडीच्या कंडक्टरच्या, पुंजारामच्या हाती हे पत्र द्यायचं होतं, तो दोन दिवस ड्यूटीला आलाच नाही, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. काल रिझवानभाई घरी आले. त्यांच्या अम्मीनं, नजमुन्निसाबींनी, मोबाईलवर तो फोटो बघितला आणि चष्मासुद्धा न लावता म्हणाल्या, ‘ये तो हल्दी है रे. किसी औरत ने बड़े प्यार से लगाई.’ त्या कोंबड्यांना लावतात म्हणे. रिझवानभाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. दाराशीच उभे राहून म्हणाले, ‘सर, आप ही बोलो, अच्छा लगेगा.’ मग मी काल संध्याकाळी सगळं मंडळ बसलेलं असताना सांगून टाकलं. भोगीपासून शिऱ्यापर्यंत. सगळे जे हसले, ते काकासाहेबांचा चष्मा पडेपर्यंत. काकासाहेबांनी बावीस वर्षांत पहिली खाडाखोड केली. पुण्याच्या गाड्या रद्द, शाल रद्द. बगळाही दवात धुऊन पांढरा झालाय आणि आता कुणाला ओळखू येत नाही. कॅरीबॅग सर हे नाव मात्र गेलं. आता ‘हळदीकुंकू सर’ म्हणतात. चालंल. त्यात निदान आपल्या घरचं काहीतरी आहे. तर वर लिहिलेलं सगळं रद्द समज. साक्षीला यायची गरज उरली नाही.

ता. क. दुसरं. तरी ये.

तलावावर नाही, घरी ये. चार वर्षांपूर्वी या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी तुला स्टँडवरून आणायला मी निघालो होतो, आणि वाटेत तारेवर एक नीळकंठ दिसला म्हणून थांबलो. पाचच मिनिटं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला ट्रॅफिक सांगितलं. दोन तास होते आक्का. तू आहेराची पिशवी मांडीवर घेऊन दोन तास स्टँडवर बसलीस आणि आली तशी पाचोडच्या गाडीत चढलीस. नव्या चुलीवर दूध तुझ्या हातानं उतू घालायचं होतं. ते शेवटी शेजारणीनं घातलं, आणि मी ते बघत उभा राहिलो. दर भाऊबीजेला तुझ्याकडं येतो, ओवाळून घेतो, जेवतो, आणि हे बोलायचं राहूनच जातं. काल त्या सगळ्यांसमोर एवढं मोठं खरं बोलून झालं तेव्हा लक्षात आलं, की चुकलो म्हणायचं होतं ते त्यांना नाही. चुकलं माझं.

पाचोडहून रविवारची पहिली गाडी साडेसहाला सुटते. मी सहालाच इथल्या स्टँडवर येऊन बसतो.