केशरी पट्टी, उजवा गुडघा

सोमवार, ५ जानेवारी

आज मॅडमनी पेशंटला हात लावू दिला! एकालाच, आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. स्पोर्ट्स थेरपी शिकायची म्हणजे मैदानात धावत जायचं, पडलेल्या खेळाडूला उभं करायचं, लोक टाळ्या वाजवणार — असं वाटलेलं. शेवटचं वर्ष आलं आणि मी कोपरीहून रोज डोंबिवलीला येऊन पहिल्या मजल्यावरच्या क्लिनिकमध्ये बर्फाच्या पिशव्या भरते. विनिता मॅडमची सही होत नाही तोवर माझा अनुभव हा अनुभवच नाही.

मॅडम दिवसभर पेशंटना एकच मंत्र देतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. स्वतः मात्र एका मजल्यासाठी लिफ्टची वाट बघत उभ्या राहतात! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गुरुवार, ८ जानेवारी

कबड्डीवाला आला! दिपेश. कल्याणजवळच्या गावातला, चढाई करतो. सोबत त्याचे कोच गोपीनाथकाका. प्रश्न दिपेशला विचारायचा, उत्तर काकांनी द्यायचं. कुठे दुखतं? उजवा गुडघा. कधीपासून? दिवाळीपासून. झोप नीट लागते का, हेही काकांनीच सांगितलं. दिपेश आपला भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत बसलेला.

जिना चढून आला तो उजवा पाय आधी टाकत. दुखराच पाय पुढे! मी लगेच मॅडमचा मंत्र म्हणून दाखवला. त्याने मान डोलावली आणि उतरताना पुन्हा उलटंच केलं. गोड आहे, पण डोक्याने जरा कमी असावा.

मॅडमनी गुडघा तपासला. फारसं काही सापडेना. कपाळाला आठी. पुढच्या वेळी दोन्ही मांड्या मोजून मला आकडे दाखव, म्हणाल्या.

मंगळवार, १३ जानेवारी

मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी बारीक व्हायला हवी, वापर कमी होतो म्हणून. इथे चांगल्या पायाचीच बारीक! टेप जुनी, सैल झालेली. थोडी वर-खाली करून पुन्हा मोजली. तरी जमेना. आणखी थोडी सरकवली — जुळलं! मॅडमना सांगितलं, दोन्ही सारख्या.

मग गुडघ्याला पट्टी बांधली. काकांना केशरीच हवी. म्हणाले, “नीट बांद पोरी. लांबून दिसली पायजे.” आमच्या घरीसुद्धा माझ्या कामाची एवढी कदर नाही.

बुधवार, १४ जानेवारी

मॅडमना तिळगूळ दिला. म्हणाल्या, गोड नंतर बोलू, आधी दोन्ही पाय बघायला शीक. सणाच्या दिवशी तरी!

शनिवार, १७ जानेवारी

कसं लिहू.

संध्याकाळी मॅडमबरोबर दिपेशच्या गावी सामन्याला गेले. माझं पहिलं मैदान! दिपेश चढाईला गेला की समोरचे सगळे त्या केशरी पट्टीवरच झडप घालत होते. हा दर वेळी निसटून परत. शेजारच्या बायकांना मी दोनदा सांगितलं, ती पट्टी माझी. मॅडम तर एकदा खुर्चीतून उठून “बोनस!” म्हणून ओरडल्या. यांना कबड्डीतलं एवढं कसं काय कळतं?

सामना जिंकले. मी पट्टी काढायला मंडपामागे गेले. दिपेश टेम्पोच्या फळीवर बसलेला, आणि त्याची आत्या गरम मिठाची पुरचुंडी करून गुडघा शेकत होती. डावा गुडघा! भोपळ्यासारखा सुजलेला. मी म्हटलं, आत्या, तो चांगला पाय आहे. आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

काकांनी मला बाजूला घेतलं. “पकडणारे पट्टी बगूनच पाय धरतात. मंग पट्टी चांगल्याला बांदायची, दुखरा वाचतो. आमच्यात पैल्यापासून असंच.”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी — आणि बंब चालवणारी मी! जिना, मांडी, केशरी रंग. पोरगा डोक्याने कमी नव्हताच. कमी कोण ते कळलं.

पण हसता येईना. पुढच्या रविवारी एका कंपनीच्या संघाची निवड आहे. निवडला गेला तर कायमची नोकरी. मॅडमनी तंदुरुस्त आहे असं लिहून द्यायला हवं. दिपेश इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी स्वतःहून बोलला. “ताई, मॅडमला नको सांगू. फक्त रविवारपर्यंत.”

रविवार, १८ जानेवारी

नाही सांगितलं तर गुडघा जाईल. सांगितलं तर नोकरी. आई विचारते, जेवत का नाहीस. काय सांगू?

सोमवार, १९ जानेवारी

सांगितलं. टेपचंही सांगितलं.

मॅडम ओरडतील असं वाटलेलं. त्यांनी दिपेशला बोलावून घेतलं, डावा पाय हातात धरला, पोटरी पुढे ओढली. पाय ड्रॉवरसारखा पुढे आला. मलाही करून बघायला लावलं. आतला दोर तुटलेला, अजून खेळला तर चालण्याचेही वांधे. काकांचा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला असेल. तुमच्या पुस्तकात कबड्डी नाय, म्हणाले. मॅडमनी तंदुरुस्तीचा कागद कोराच परत ठेवला. दिपेश माझ्याकडे न बघता गेला.

मग मॅडम म्हणाल्या, या महिन्याची सही मिळणार नाही. बरोबरच आहे. मला सहीचं काहीच वाटलं नाही. त्याच्या पाठमोऱ्या चालण्याचं वाटलं.

रविवार, २५ जानेवारी

आज निवड. तो गेला नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि कोणाला सांगायची सोय नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

दिपेश आला! एकटा, काकांशिवाय. टेबलावर बसला, पँट गुडघ्याच्या वर घेतली आणि म्हणाला, “आज खरा पाय आणलाय.”

मी दोन्ही मांड्या मोजल्या. जे आले ते आकडे लिहिले.

गुरुवार, २९ जानेवारी

लिफ्ट बंद. खाली मॅडम आणि दिपेश एकदमच आले. मी दोघांच्या पिशव्या घेऊन मागे. मॅडमनी कठडा घट्ट धरला. उजवा पाय वर, मग डावा. उजवा, मग डावा. शेजारी दिपेशही तसाच.

अर्ध्या जिन्यात तो थांबला. त्यांच्या पायांकडे बघत होता.

“मॅडम, तुमचा कंचा?”

“डावा.”

“आनि पट्टी?”

“उजव्याला.” मॅडमनी पुढची पायरी घेतली. “फायनल जिंकलो होतो आम्ही.”