ई-क्लासवर तणमोर

१२ ऑगस्ट
ई-क्लासवर, गावाच्या सरकारी चराईच्या जमिनीवर, गवत कमरेला लागलं. जिथे मुरूम आणि कुसळं होती तिथे पवन्या गवत डोलतंय. आमच्या संस्थेचं ऐकून, गवत वाढावं म्हणून धनगरांनी दोन पावसाळे मेंढरं आत घातली नाहीत, लोकांच्या बांधांवर शिव्या खात चारली. केसरमावशी त्यांची पुढारीण. सख्ख्या दिराचा कळप आत शिरला तेव्हा तिने पारावर त्याची अब्रू काढली होती. दिवाळीनंतर कुरण खुलं करायचं ठरलंय. मावशी रोज विचारते, "दिवाळी कवा हाये वो बाई?" जसं काही ठाऊकच नाही!

१९ ऑगस्ट
तणमोर!! नर होता. गवतातून उडी मारतो, दिसतो, गडप. परत उडी. जगात उरलेत किती, आणि हा आमच्या गवतात! चिखलात बसून रडले. फोटो धूसर, पण आहे. तिथूनच अकोल्याच्या पक्षीतज्ज्ञ सरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "अगं, कोणतं गाव?" तेवढ्यात रेंज गेली.

२० ऑ.
मावशीला फोटो दाखवला. वाटलं, खूश होईल. तिचा चेहराच उतरला.
"कोणाले दाखवला अजून?"
सांगितलं.
"पाखरू आलं का तारेचं कुंपण आलं. माह्या मायेरी असंच झालं. भावानं मेंढरं इकली, आता अमरावतीले वाचमन हाये."
म्हटलं, पक्षी पावसाळ्यापुरता, दिवाळीआधी जातो. मेंढरं नंतर. दोघांचं जमतं.
"हे तुमाले समजते. त्या कुंपणवाल्यायले कोण समजावते?"


२७ ऑ.
सरांचे फोनवर फोन. उचलत नाहीये. मेसेज: वरपर्यंत बोललोय, जागा राखीव करून घेऊ, तिथे कुणाचं पाऊल पडता कामा नये. किती आनंदात आहे माणूस. शिकवलं त्यांनीच मला.

२ सप्टें.
मावशीला अंडी सापडली. घरटं कसलं, गवतात नुसता खळगा. हाताला धरून मला घेऊन गेली. दोघी बघत उभ्या. मग चहा टाकू का विचारावं तसं म्हणाली, "फोडून टाकू का?"
ही बाई लंगडं कोकरू कुशीत घेऊन झोपते!
पण खरा धक्का पुढेच. माझ्या तोंडून "नाही" निघेना. मी, जी दोन आठवड्यांपूर्वी चिखलात रडत होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं.
"तुमीबी इचारच करून राहिल्या ना?"
पळत आले तिथून.

३ सप्टें.
सर उद्या सकाळच्या गाडीने मूर्तिजापूरला उतरताहेत. गाव त्यांना अजून ठाऊक नाही. आमचं काम बऱ्याच गावांत, त्यामुळे कुठल्या ई-क्लासवर न्यायचं ते माझ्याच हातात. मावशीला सांगून टाकलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाली, "अंडे हायेत तसेच हायेत. तुमच्या भरोशावर ठेवले."
सरांशी आजवर एकदाही खोटं बोलले नाही. उद्या स्टेशनावर त्यांनी पहिल्यांदा गावच विचारलं, तर...