शुशानचा कटोरा

१२ फेब्रुवारी २०११
माझी बायको हाजरा जाऊन आठवडा झाला. घर भरलेलं. रडणं कमी, बिर्याणीत मीठ कमी पडल्याची चर्चा जास्त.

आज माझी मोठी बहीण, आपा, हाजराच्या कपाटापुढे. "मुनाफ, तो कटोरा बरकतीचा हाय. खानदानातच राहू दे." खानदान म्हणजे तिचा शोकेस! कटोरा हाजराच्या माहेरचा. तिचे अब्बा इराणात तेल कंपनीत होते, तिथून आणलेला. काठावर कुराणातली आयत लिहिली आहे म्हणतात. अक्षरं जुन्या वळणाची, वाचता कुणालाच येत नाहीत, म्हणून जास्तच पाक, पवित्र! आजाऱ्याला त्यातलं पाणी पाजायचं. हाजरानेही शेवटचा घोट त्यातूनच मागितला.

मी देणार नाही. पण हे फक्त या वहीत.

१५ फेब्रुवारी
धाकटी भावजयही मागून गेली. दोघी आळीपाळीने कटोरा डोळ्यांना लावतात, एकमेकींकडे मात्र बघत नाहीत.

१९ फेब्रुवारी
आपाचा मुलगा इमाद मुंबईत म्युझियमचा कोर्स करतो. आपानेच त्याला आणलं — कटोरा किती जुना ते भावजयीला ऐकवायला. त्याने उन्हात फिरवला. तपकिरी, मग तांबूस, मग सोनं! "मामू, याला लस्टर म्हणतात. इराणी काम. सोनं नाही, धुराच्या भट्टीची कमाल." आपा फुलली.

"आणि अम्मी, ही अक्षरं अरबी नाहीत. आर्मेनियन आहेत. इराणात जुनी वस्ती आहे त्यांची. ख्रिश्चन लोक."

आपाने हात असा मागे घेतला, जणू कटोरा आत्ताच भट्टीतून निघालाय.

२३ फेब्रुवारी
इमादचा फोन. त्याच्या सरांनी एका आर्मेनियन बाईंकडून वाचून घेतलं. "हा कटोरा शुशानचा." बस्स! आपण स्टीलच्या डब्यावर नाव कोरतो तसं. तीस वर्षं अख्खं खानदान शुशानबाईंचं नाव डोळ्यांना लावत होतं!

कटोरा आता कुणालाच नको. पण आपा जाता जाता म्हणाली, "बिचारी हाजरा. शेवटचं पाणी पण फुकट गेलं."

ते लागलं. तिने विश्वासाने मागितलं होतं. फसून गेली का ती आमच्यामुळे?

२७ फेब्रुवारी
हाजराची धाकटी बहीण रुमाना उरणहून आली; हाजराला ती बाजी म्हणते. सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली!

"भाईजान, बाजीला लहानपणापासून माहीत होतं. शुशान म्हणजे अब्बांच्या इराणातल्या दोस्ताची आई, तिचा कटोरा. आयत तुमच्या आपांनी ठरवली. त्या डोळ्यांना लावायच्या तेव्हा बाजी चहा टाकायला आत जायची — हसू आवरायला."

"मग शेवटी त्यातूनच का मागितलं?"

"चमकतो म्हणून. आवडायचा तिला."