मांडीवरचा डबा

सबाह अल-सालेम, ११ जुलै १९९०

पेशंटच्या कुटुंबाबरोबर फुकटात स्वित्झर्लंड पाहिलंस, असं बरोबरीच्या नर्सेस म्हणतात. पाहिलं ना, काचेतून.

हेलिकॉप्टर हिमनदीवर उतरलं. नातवंडं बर्फात लोळली. माझी पेशंट म्हातारी, तीसुद्धा धरून धरून उतरली. मी उठले, तर तिची सून म्हणाली, "सिस्टर, यू स्टे. इन्सुलिन फ्रीझ होईल."

गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं, हे तिला शिकवलं कुणी? मीच. बसले मग इन्सुलिनचा डबा मांडीवर घेऊन, शालीत गुंडाळून. शाल माझी. डबा उबदार राहिला.

आज चिपळूणला फोन लावला. लेकीनं विचारलं, "आई, बर्फ कसा लागला गं हाताला?"

मऊ, म्हटलं.

फोन ठेवला आणि फ्रीजरच्या कडेचा बर्फ खरवडून मुठीत धरला. लेकीशी अगदीच खोटं नको.